उजव्या मांडीवरची हद्द

गाठ सापडली आंघोळीच्या वेळी, आणि सापडली ती नेमकी मापेकाकांना, म्हणून पुढचं सगळं रामायण घडलं. दुसऱ्या कोणाला सापडली असती तर त्याने टॉवेल गुंडाळला असता, डॉक्टरकडे गेला असता आणि जेवायच्या वेळेला घरी परत आला असता. पण मापेकाका म्हणजे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक. उभा जन्म दुकानदारांचे काटे, मापं आणि पट्ट्या तपासण्यात गेलेला. समोर काहीही आलं की आधी मोजायचं, मग त्याबद्दल मत बनवायचं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. त्यामुळे अंग पुसायच्या आधीच ते ओलेत्याने कपाटापाशी गेले, निरोपसमारंभात मिळालेला, जाडी मोजायचा स्टीलचा कॅलिपर काढला आणि उजव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला, कमरेच्या जरा खाली आलेली गाठ त्यात पकडायला लागले.

गाठ कॅलिपरात सापडेना. पकडली की निसटायची. मांडी ही मोजमापासाठी बनवलेली वस्तू नाही, हे काकांच्या तेव्हा लक्षात आलं. शेवटी त्यांनी बॉलपेन घेतलं आणि गाठीच्या कडेकडेने मांडीवर एक रेघ ओढली. आता गाठ उद्या वाढली तर हद्द ओलांडताना रंगेहाथ सापडणार होती.

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी. काकू जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांचंही असंच एका छोट्याशा गाठीपासून सुरू झालं होतं. डॉक्टर बोलायचे, मास म्हणायचे, लीजन म्हणायचे, ग्रोथ म्हणायचे, आणि काका-काकू समोरच्या खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसून माना डोलवायचे. बाहेर रिक्षात बसल्यावर काकू विचारायच्या, "काय म्हणाले हो ते?" काका म्हणायचे, "बघू म्हणाले." दोघांनाही यापलीकडे काही कळलेलं नसायचं.

म्हणून या वेळी काकांनी दोन गोष्टी पक्क्या ठरवल्या. एक, डॉक्टरच्या तोंडून निघालेला एकही शब्द समजून घेतल्याशिवाय सोडायचा नाही. दोन, लेकीला पत्ता लागू द्यायचा नाही. आईच्या दुखण्यात तिने नोकरी सोडली होती, घर आणि दवाखाना एकटीने ओढला होता. आता कुठे दुसऱ्या शहरात नवी नोकरी धरून ती जरा हसायला लागली होती. "गाठ" हा शब्द तिच्या कानावर पडला असता तर ती आहे तशी चपला घालून निघाली असती.

घरचे डॉक्टर जुने होते. काकांना हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी त्यांनीच लावून दिलेली.

"दुखते का?" त्यांनी विचारलं.

"दाबली की दुखते."

"मग दाबता कशाला?"

"दुखते का ते बघायला."

डॉक्टरांनी एक खोल श्वास घेतला. "कुठे मार लागला होता? पडलात, धडपडलात, आपटलात?"

"छे! मी पडणाऱ्यांतला नाही."

डॉक्टरांनी सोनोग्राफीसाठी चिठ्ठी लिहिली. काकांनी ती तिथेच वाचली आणि त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला. "डॉक्टर, इथे मास लिहिलंय. मास म्हणजे वस्तुमान. किती ग्रॅम ते लिहायचं राहिलंय."

"ते तुमचं मास नाही हो. मास म्हणजे नुसता गोळा. आत काय आहे ते अजून ठाऊक नाही, असा गोळा."

"म्हणजे तुम्हाला कळलेलं नाही, असं लिहिलंय?"

"तसंच समजा," डॉक्टर म्हणाले. बाहेर बाकावर पेशंट खोकत होते. पण काका उठले नाहीत. त्यांनी एकेक शब्द धरून ठेवला. ट्यूमर म्हणजे? म्हणजे वाढ, साधीही असते आणि वाईटही असते. लायपोमा? चरबीची गाठ, बहुतेक वेळा बापुडी, कोणाला त्रास न देणारी. सिस्ट? पाण्याची पिशवी. अ‍ॅब्सेस? पू. हिमॅटोमा? रक्तवाहिनीतून बाहेर पडून एका जागी साठलेलं रक्त. काका हे सगळं तोंडातल्या तोंडात घोकत बाहेर पडले, तेव्हा त्यांना परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच महिन्यांनी काहीतरी काम हाताला लागल्याचा आनंदही होत होता.

त्या आनंदाच्या भरात जिन्यात भेटलेल्या विमावाल्यांना त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, की कुठे बोलू नका.

विमावाले खालच्या मजल्यावर राहायचे. विमा विकून विकून त्यांना प्रत्येक आजाराबद्दल आपुलकी निर्माण झाली होती. ते कुठेच बोलले नाहीत. फक्त ड्रिलमास्तरांना म्हणाले, कारण ड्रिलमास्तर शाळेत कवायत शिकवायचे आणि मुलांची हाडं बसवायचे. आणि समोरच्या वहिनींना म्हणाले, कारण त्या दारातच उभ्या होत्या. संध्याकाळी काकांच्या दिवाणखान्यात तिघंही हजर.

"दाखवा," ड्रिलमास्तर म्हणाले.

गाठ होती अडचणीच्या जागी. काकांनी आयुष्यात कधी अर्धी चड्डी घातली नव्हती. ज्या माणसाला बघून बाजारपेठेतले दुकानदार गल्ल्यावरून उठून उभे राहायचे, तो माणूस सुट्टीत राहून गेलेल्या भाच्याची विसरून राहिलेली फुलाफुलांची चड्डी घालून भिंतीला पाठ लावून उभा राहिला. ड्रिलमास्तरांनी दोन्ही अंगठे लावून गाठ दाबली. काकांच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले.

"मऊ आहे," मास्तर म्हणाले. "पाण्याची पिशवी."

"बघू." विमावाल्यांनी दाबली. "पाणी कसलं? सरकते बघा. चरबी आहे. माझ्या मेव्हण्याला पाठीवर होती, त्याने ती लग्नाच्या आधीपासून सांभाळली."

समोरच्या वहिनी परपुरुषाच्या मांडीला हात लावणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या घरी गेल्या, पळी घेऊन आल्या आणि पळीच्या दांड्याने गाठ टोचून म्हणाल्या, "घट्ट आहे की हो! हे ना पाणी, ना चरबी."

"मग काय?"

"ते मी कशाला सांगू? मी काय डॉक्टर आहे?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून इमारतीत दोन पक्ष पडले, पाण्याचा आणि चरबीचा. वहिनी तटस्थ राहिल्या, पण रोज पळी घेऊन यायच्या. सकाळी दूध टाकणारा दाबून गेला. पाण्याच्या टाकीचा नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर म्हणाला, आत दाब धरलाय, आणि खात्री करून घ्यायला त्याने तीनतीनदा दाबली. ड्रिलमास्तर तर गाठ विरघळवायची म्हणून कोमट तेल लावून रोज मालिश करायला लागले. मास्तरांची मालिश म्हणजे कवायतच, "एक साथ" म्हणून सुरू व्हायची आणि "विश्राम" म्हणून संपायची. मधल्या वेळेत काका स्वतः दाबून बघायचे, कोणी बिघडवली तर नाही ना म्हणून.

आणि गाठ वाढत होती. तिने पहिली हद्द ओलांडली. काकांनी दुसरी रेघ ओढली, वेगळ्या रंगाच्या पेनने. मांडीचा रंगही पालटत चालला होता, कुठे जांभळा, कुठे हिरवट. काका बाहेरच्यांशी हसून बोलायचे, चरबी काय आणि पाणी काय असं समजावून सांगायचे. पण लोक गेले की दार लावून त्या रेघेकडे बघत बसायचे. लेकीचा फोन आला की आवाज मोठा करून म्हणायचे, "मी? मी एकदम ठणठणीत!" ती म्हणायची, "ओरडताय कशाला बाबा?"

सोनोग्राफीच्या ठिकाणी वेगळीच तऱ्हा. काउंटरवरच्या बाईंनी कागद छापून हातात दिला. काकांनी सवयीने तपासला. "बाई, इथे डावी मांडी आलीये. गाठ उजवीकडे आहे."

"कॉम्प्युटरमध्ये डावी पडली आता."

"पण गाठ उजवीकडे आहे."

"ते आत सांगा."

आत तंत्रज्ञ म्हणाला, "कागदावर डावी आहे. उजवी करायची तर बाहेरून बदलून आणा." बाहेर बाई म्हणाल्या, "बदलायचा अधिकार साहेबांना." साहेब जेवायला गेले होते. आले, तेव्हा म्हणाले की निघालेला कागद वाया घालवता येत नाही, आधी डावी करून टाका, मग उजवीचा नवा काढू. त्यामुळे काकांच्या डाव्या मांडीची, तिने काही मागितलं नसताना, सांगोपांग तपासणी झाली आणि ती पूर्णपणे निर्दोष असल्याचा रिपोर्ट मिळाला. काकांनी तो घडी करून खिशात ठेवला. खात्यात असते तर तिच्यावर शिक्काच मारला असता.

उजव्या मांडीपाशी मात्र सोनोग्राफीचे डॉक्टर थांबले. आधी त्यांना रंगीत रेघा दिसल्या.

"हे काय आहे?"

"हद्द."

डॉक्टरांनी रेघांवरच जेल चोपडलं. यंत्र फिरवत राहिले, एकाच जागी परत परत. मग म्हणाले, "आत कलेक्शन दिसतंय. रक्त साठल्यासारखं. मार लागला होता?"

"नाही."

"आठवून सांगा. पलंगाला, टेबलाला धडकलात?"

"नाही हो."

घरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढून ठेवला. काकांना तो चष्मा काढून ठेवणं ओळखीचं होतं. काकूंच्या वेळी असाच काढला होता.

"हे बघा," डॉक्टर म्हणाले, "रक्त साठलंय हे ठीक. मार लागून साठलं असतं तर मी म्हटलं असतं, जाईल आपोआप. गोळीमुळे तुमचं रक्त पातळ आहे, जरा जास्त साठलं इतकंच. पण तुम्ही म्हणता मार लागलाच नाही, आणि गाठ वाढतेय. मग रक्त आलं कुठून? कधी कधी आत दुसरी वाढ असते आणि तिच्यातून रक्त झिरपतं. ते बघावं लागेल. मोठा स्कॅन करू, मग गरज पडली तर सुईने तुकडा."

या वेळी काकांना शब्द न् शब्द कळला. सगळं समजून घेतल्यावर भीती कमी होईल अशी त्यांची कल्पना होती. ती सपशेल चुकीची निघाली.

घरी येऊन त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. पण विमावाले चौकशीला आलेच, आणि काकांचा पडलेला चेहरा बघून त्यांचं मन द्रवलं. एवढ्या मोठ्या इमारतीत कोणाच्या तरी ओळखीत मोठा डॉक्टर असणारच, असा विचार करून त्यांनी मालिश चालू असतानाच मांडीचा फोटो काढला आणि इमारतीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आपल्या मापेकाकांची गाठ. जाणकारांनी मत द्यावे."

फुलाफुलांच्या चड्डीसकट फोटो दीडएकशे माणसांनी बघितला. कोणी हात जोडल्याची चित्रं टाकली, कोणी विचारलं, नकाशा कुठल्या गावाचा आहे? चौथ्या मजल्यावरून लगेच आलं, "आमच्याकडे सकाळपासून पाणी नाही, त्याचं आधी बघा." आणि या सगळ्यात एका गोष्टीचा सर्वांना विसर पडला होता, की काकांची लेक अजून त्या ग्रुपमध्ये होती.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी दारात उभी. पिशवी खांद्याला तशीच.

"ठणठणीत ना बाबा?"

"तू आधी पाणी पी," काका म्हणाले. "आणतो मी."

"पाणी राहू दे. दाखवा."

"आणतो ना!" काका वळले आणि स्वयंपाकघराकडे निघाले. स्वयंपाकघरात जायला एक अरुंद बोळ होता आणि त्या बोळात, खिडकीखाली, काकूंचं शिलाई मशीन होतं. काकूंनी ते तिथे ठेवलं होतं, कारण सुईत दोरा ओवायला उजेड फक्त तिथेच चांगला यायचा. काका तरातरा गेले. मशीनच्या लाकडी फळीचा कोपरा त्यांच्या उजव्या मांडीत खाडकन बसला. काका थांबले नाहीत. वाकडे होऊन, मांडीला हात लावून, चालता चालताच म्हणाले, "हो, हो, बघतो," आणि आत जाऊन पेला विसळायला लागले.

लेक जागच्या जागी उभी राहिली होती.

"बाबा, हे काय झालं आत्ता?"

"काय झालं?"

"तुम्ही धडकलात."

"कुठे?"

"मशीनला!"

"ते होय?" काका पेला पुसत बाहेर आले. "ते काय धडकणं नव्हे. ते मशीन आहे."

"रोज होतं असं?"

"आता स्वयंपाकघरात जायचं म्हणजे..." काका बोलता बोलता थांबले.

लग्न झाल्यापासून काका त्या कोपऱ्याला धडकत आले होते. काकू मशीनवरून मान वर न करता म्हणायच्या, "डोळे कुठे ठेवलेत?" काका म्हणायचे, "हो, हो, बघतो." पण काकू असताना निदान त्यांची खुर्ची मागे यायची, पाय दिसायचे, माणूस जरा तिरका होऊन जायचा. आता खुर्ची रिकामी होती, काका थेट जायचे, आणि दिवसातून जितके चहा तितक्या वेळा धडकायचे. उत्तर मात्र चालूच होतं.

लेक खुर्चीवर बसली. काकांना वाटलं रडते आहे. म्हणून ते घाईघाईने जवळ गेले, तर ती हसत होती. इतकी हसत होती की तिला बोलता येईना. मग रडायलाही लागली, पण हसणं न थांबवता. "आणि डॉक्टरने विचारलं तेव्हा?"

"मार लागला का विचारलं. मार लागणं म्हणजे पडणं, झडणं. घरात आपल्याच मशीनला लागलं, तो काय मार असतो?"

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी हे सगळं ऐकलं. आधी मशीनचं, मग मास्तरांच्या मालिशचं, दूधवाल्याचं, प्लंबरचं आणि शेवटी पळीचं. पळीपाशी आल्यावर त्यांनी हाताने थांबा म्हणून खूण केली आणि थोडा वेळ तोंडावर रुमाल धरला. मग म्हणाले, "रक्त पातळ, रोज धडक, वर सगळी इमारत दाबतेय. गाठ वाढणार नाही तर काय होणार? आता असं करा. धडकणं बंद, दाबणं बंद, तेल बंद. काही आठवड्यांनी परत सोनोग्राफी करू. ओसरली तर सुटलो. नाही ओसरली तर स्कॅन, तो टळणार नाही. कबूल?"

"म्हणजे हिमॅटोमा," काका म्हणाले.

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"बहुतेक म्हणजे दाबू नका!"

लेकीने दवाखान्यातून आल्या आल्या मशीन आतल्या खोलीत न्यायचं काढलं. काका बोळात आडवे उभे राहिले. "तिने ठेवलंय ते." लेकीने जुनी गोधडी घेतली, तिच्या घड्या करून कोपऱ्याला बांधल्या आणि दारावर पाटी लावली, "दाबण्यास सक्त मनाई". पाण्याचा पक्ष आणि चरबीचा पक्ष एकाच दिवशी निकालात निघाले. विमावाले खट्टू झाले, तरी निकाल लागेपर्यंत चरबी सोडायला तयार नव्हते. वहिनी सवयीने पळी घेऊन यायच्या, पाटी वाचायच्या आणि परत जायच्या.

लेकीने घरून काम करायची परवानगी काढली होती. ते आठवडे काकांनी हात खिशात घालून काढले. गाठ आधी दुसऱ्या रेघेच्या आत आली, मग पहिल्या. काका रोज बघायचे, मोजायचे नाहीत. मोजायला कॅलिपर लावावा लागला असता आणि कॅलिपर म्हणजे दाबणंच.

दुसऱ्या सोनोग्राफीत डॉक्टरांनी यंत्र फिरवलं, परत फिरवलं. "जवळजवळ गेलंय," ते म्हणाले. "आत दुसरं काही नाही."

"काहीच नाही म्हणजे?" काकांनी विचारलं. त्यांना हा शब्दही नीट समजून घ्यायचा होता.

"काहीच नाही म्हणजे काहीच नाही."

काकांनी मान डोलवली. या वेळी समजून डोलवली. मग बाहेर बाकावर बसलेल्या लेकीपाशी आले, आणि तिने विचारलं, "काय म्हणाले?" तेव्हा त्यांना "काहीच नाही" एवढे दोन शब्द सांगायला बराच वेळ लागला.

त्या संध्याकाळी काका आपण होऊन म्हणाले, "मशीन हलवू या. आत नाही न्यायचं. समोरच्या भिंतीला लावू, खिडकीचा उजेड तिथेही पोचतो." लेकीने एक बाजू धरली, काकांनी दुसरी. गोधडी सोडली. ड्रिलमास्तरांनी दारातून "डावं, उजवं" केलं. विमावाल्यांनी तोंडाने मदत केली. वहिनींनी चहा आणला. बोळ मोकळा दिसायला लागला. काकांनी पट्टी लावून अंतर मोजलं, माणूस आरामात जाईल म्हणाले, आणि लेक चहाचे पेले घेऊन आत गेली.

"बाबा, बशी राहिली बाहेर!"

"आणतो!" काका बशी घेऊन निघाले. उजवीकडचा कोपरा टाळायची आता अंगाला सवय झालेली. ते झोकात डावीकडे झुकले, आणि मशीनचा कोपरा त्यांच्या डाव्या मांडीत, जी निर्दोष असल्याचा रिपोर्ट कपाटात होता, खाडकन बसला.

स्वयंपाकघरात नळाचा आवाज थांबला. मग आतून, मान वर न करता, अगदी तशीच हाक आली.

"डोळे कुठे ठेवलेत?"

काका बोळात उभे राहिले. हात मांडीकडे निघाला होता, तो त्यांनी वाटेतच थांबवला आणि मशीनच्या फळीवर ठेवला. लाकूड खिडकीच्या उन्हाने अजून कोमट होतं.

"हो, हो," ते म्हणाले. "बघतो."